रोजनिशी ‘ठेवणे’ : एका लेखनप्रकाराच्या सातत्याचा विचार

वाङ्मयप्रकारांच्या विवेचनात रोजनिशीला मराठीत स्वतंत्र जागा फारशी मिळालेली नाही. आत्मचरित्राच्या प्रकरणात एखादा परिच्छेद किंवा पत्रवाङ्मयाच्या शेजारी एखादे वाक्य, एवढ्यावर तिची बोळवण होते. ह्या उपेक्षेच्या मुळाशी एक गृहीत आहे. रोजनिशी म्हणजे मनातील भावनांचा अकृत्रिम व वाचकनिरपेक्ष उद्गार होय. जे अकृत्रिम त्याला रूप नसते. आणि ज्याला रूप नाही त्याची समीक्षा ती काय करावयाची? रोजनिशी लिहू इच्छिणाऱ्यास जो उपदेश केला जातो त्यातही हेच गृहीत दडलेले असते. केवळ स्वतःसाठी लिहा, मनात येईल ते लिहा, प्रामाणिकपणे लिहा, असे त्यास सांगितले जाते. पदव्युत्तर वर्गातील कितीतरी विद्यार्थी हा उपदेश शिरोधार्य मानून जानेवारीच्या पहिल्या तारखेस नवी वही काढतात आणि संक्रांत उलटते न उलटते तोच तिची पाने कोरी राहू लागतात. दोष त्यांच्या चिकाटीचा मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो उपदेशाचा आहे. रोजनिशी टिकते ती ठराविक रूपाच्या आणि कोणास तरी हिशेब द्यावयाचा आहे ह्या जाणिवेच्या आधाराने. भावनेची उत्कटता तिला फार दिवस पोसू शकत नाही. हे मत येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे, आणि ह्या आधाराची जी किंमत लेखकास मोजावी लागते तिचाही विचार करावयाचा आहे.

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. ‘रोजनिशी’ हा शब्द फारसी ‘रोज’ आणि ‘नवीस’ ह्यांपासून आलेला आहे. नवीस म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पारसनीस ह्या आडनावांत तोच बसलेला आहे. अर्थात् हा शब्द जन्माने दप्तरातला आहे, अंतःपुरातला नव्हे. सातारकर छत्रपती आणि पेशवे ह्यांच्या ज्या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड ह्यांनी उतारे निवडले, आणि ज्यांच्या निमित्ताने न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० साली आपला प्रसिद्ध प्रास्ताविक निबंध लिहिला, त्या रोजनिशांत ‘मी’ नाही. सनदा, हुकूम, जमाखर्च, नेमणुका, तंटे ह्यांची नोंद तेथे तारीखवार आढळते. त्या लिहिणाऱ्या कारकुनांना आज लिहावेसे वाटते की नाही, असे कोणी विचारले नव्हते. उद्या कोणी तरी हा कागद शोधीत येईल, एवढे त्यांना पुरेसे होते.

शब्दाबरोबर क्रियापदही पाहावे. आपण पत्र लिहितो, कविता लिहितो, पण रोजनिशी ‘ठेवतो’. हिशेब ठेवणे, वही ठेवणे, नोंद ठेवणे, हजेरी ठेवणे, ह्या कुळातला हा प्रयोग आहे. ठेवलेली वस्तू पुन्हा काढून दाखविता यावी, अशी त्यात अपेक्षा असते. ‘दैनंदिनी’ हा संस्कृत घाटाचा शब्द आणि ‘डायरी’ हा इंग्रजी शब्द रूढ झाल्यावर ‘लिहिणे’ हे क्रियापद अधिक येऊ लागले, आणि त्याबरोबरच वहीकडून आत्माविष्काराची अपेक्षाही वाढली. केवळ क्रियापदाच्या बदलाने असे घडले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु दोन्ही बदल एका दिशेचे आहेत हे नाकारता येत नाही.

आता उदाहरणाकडे वळू. रोजनिशीच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते तो सॅम्युएल पीप्स हा इंग्लंडच्या आरमारी खात्यातील अधिकारी. १ जानेवारी १६६० रोजी त्याने वही सुरू केली आणि ३१ मे १६६९ रोजी ती बंद केली. नऊ वर्षे आणि पाच महिने. सुमारे साडेबारा लाख शब्द. १६६५ची प्लेग आणि १६६६ची लंडनची आग ह्या दोन्ही त्यात आल्या आहेत. ह्या सातत्याचे रहस्य काय? मनमोकळेपणा, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु वहीची घडण पाहिली तर निराळेच चित्र दिसते. पीप्स दिवसाची टिपणे आधी सुट्या कागदावर करी, खर्चाची टाचणे त्यात मिसळी, आणि पुष्कळदा कित्येक दिवसांचा मजकूर एकदम बसून वहीत उतरवी. ही वही अनेक टप्प्यांतून तयार झालेली आहे, हे तिच्या संपूर्ण आवृत्तीचे (१९७०–८३) एक संपादक विल्यम मॅथ्यूज ह्यांनी साधार दाखविले आहे. आगीच्या दिवसांतील नोंदीदेखील प्रथम सुट्या कागदांवरच होत्या. तरीही प्रत्येक नोंद ‘आज’च्या भूमिकेवरूनच बोलते. म्हणजे जिला आपण उत्स्फूर्तता म्हणतो ती येथे व्याकरणाने राखलेली आहे. ‘आज’ हा शब्द बोलणाऱ्याच्या क्षणाला बांधलेला असतो. पीप्सने तो लिहिण्याच्या क्षणापासून सोडवून नोंदीच्या तारखेला बांधला.

नवशिक्याला ह्यातून फार उपयोगाची गोष्ट मिळते. खाडा पडणे हे रोजनिशीचे खरे मरण समजले जाते. पण ज्या वहीत काय घडले, कोण भेटले, किती खर्च झाला हे लिहावयाचे असते, तिच्यातील खाडा चार दिवसांनी भरून काढता येतो. हिशेबाच्या वहीत मागील बाकी पुढे ओढता येते. ज्या वहीत मनाची आजची अवस्थाच काय ती लिहावयाची असते, तिच्यातील खाडा भरता येत नाही, कारण मंगळवारची अवस्था शुक्रवारी उरलेली नसते. मग एक दिवस चुकला की वही खोटी वाटू लागते, आणि खोटी वाटलेली वही मनुष्य पुन्हा उघडीत नाही. पीप्सची नोंद बहुधा उठण्याच्या उल्लेखाने सुरू होते आणि निजण्याच्या उल्लेखाने संपते. महिनाअखेरीस तो आपली एकूण मालमत्ता मोजतो. नाटके आणि मद्य ह्यांविरुद्ध शपथा घेतो, त्या मोडल्यास गरिबांच्या पेटीत दंड भरतो, आणि तो दंडही नोंदवितो. १६६२च्या उन्हाळ्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो एका खलाशाकडून पाढे शिकत होता. ह्या माणसाला स्वतःची जी ओळख पटली ती मोजमापाच्या वाटेने पटली.

वाचकनिरपेक्षतेचे काय? पीप्सने वही लघुलिपीत लिहिली. ती लिपी टॉमस शेल्टन ह्याच्या पद्धतीची होती. १८१९ ते १८२२ ह्या काळात जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने ती मोठ्या कष्टाने उलगडली. शेल्टनचे पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात होते, हे त्यास ठाऊक नव्हते. लघुलिपी म्हणजे गुप्तता, असे आपण सहज धरून चालतो. परंतु विशेषनामे पीप्सने बहुधा साध्या लिपीतच लिहिली आहेत. उलट स्त्रियांशी केलेल्या वर्तनाचे वर्णन करताना, लिपी आधीच दुर्बोध असूनही, तो स्पॅनिश, फ्रेंच, लॅटिन शब्दांची खिचडी करू लागतो. ही दुसरी भिंत कोणासाठी? लिपी न जाणणाऱ्यास तिची गरज नाही आणि लिपी जाणणाऱ्या सुशिक्षितास ती अडवू शकत नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही भिंत बाहेरच्या वाचकासाठी नाहीच. स्वतःच्या भाषेत जे उच्चारताना जीभ अडखळते ते परक्या भाषेत उच्चारता येते. येथे भाषांतर हे लपविण्याचे साधन नसून उच्चाराचे साधन आहे. आणि वाचक तर त्याच्या मनात नक्कीच होता. त्याने वहीचे सहा खंड चांगल्या बांधणीत बांधून घेतले आणि सुमारे तीन हजार ग्रंथांच्या आपल्या संग्रहात ठेवले. तो संग्रह अखंड राहावा अशी त्याने व्यवस्था केली, आणि भाच्याच्या मृत्यूनंतर, १७२४ साली, तो केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेला. जो केवळ स्वतःसाठी लिहितो तो जाताना वही जाळतो.

ह्याच वहीत एक नोंद अशी आहे की, प्रामाणिकपणाची स्तुती करणाऱ्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचावी. ९ जानेवारी १६६३ रोजी पीप्सची पत्नी एलिझाबेथ हिने पेटीतून आपला एक कागद काढून त्यास वाचून दाखविला. आपल्या एकलकोंड्या, कंटाळवाण्या आयुष्याविषयी तिने त्यात लिहिले होते. पीप्स संतापला. मजकूर बहुतांशी खरा आहे हे तो स्वतःच नोंदवितो. त्याला जाचले ते हे की, कागद साध्या इंग्रजीत लिहिलेला आहे आणि तो कोणाच्याही दृष्टीस पडू शकतो. फाडून टाक, असे त्याने सांगितले. तिने ऐकले नाही. तेव्हा कागदांचे गाठोडे हिसकावून घेऊन तिच्या देखत त्याने तो फाडला, आणि त्यासोबत स्वतःची तिला आलेली जुनी पत्रेही फाडली. नंतर त्यास वाईट वाटले, आणि तेही त्याने लिहून ठेवले. त्याची लघुलिपी टिकली. तिची साधी लिपी टिकली नाही. एका घरात दोन माणसे स्वतःविषयी लिहीत होती. रोजनिशी ठेवण्यासाठी सवय लागते हे खरे. पण त्याआधी कुलूप लागते, स्वतःची पेटी लागते, आणि ती पेटी दुसऱ्याने उघडू नये एवढा अधिकार लागतो. सातत्याविषयीच्या उपदेशात ह्याचा उल्लेख मला कोठे आढळलेला नाही. एलिझाबेथ १६६९च्या नोव्हेंबरात वारली; पतीची वही त्यापूर्वी काही महिने बंद झाली होती.

ती बंद का झाली हेही येथे महत्त्वाचे आहे. दृष्टी जाईल ह्या भीतीने पीप्सने लिहिणे थांबविले (प्रत्यक्षात ती गेली नाही, तो १७०३पर्यंत जगला). शेवटच्या नोंदीत तो सांगतो की, यापुढे नोंदी आपल्या माणसांकडून साध्या लिपीत लिहवून घ्याव्या लागतील, आणि म्हणून त्यांत त्यांना व जगाला कळण्यास हरकत नाही एवढेच यावे. लिपी बदलली की लिहिणारा बदलतो, लिहिणारा बदलला की मजकूर बदलतो. हे त्यास पुरते कळले होते. पुढे १६८३ साली टँजिअरच्या कामगिरीवर असताना त्याने रोजनिशी ठेवली, पण तिला पहिलीची सर नाही.

हिशेबाच्या ह्या उपपत्तीवर एक मोठा आक्षेप संभवतो. जिनीव्हाचा प्राध्यापक आंरी-फ्रेदेरिक आमिएल ह्याने १८३९ ते १८८१ ह्या काळात जवळजवळ सतरा हजार पृष्ठांची रोजनिशी लिहिली, आणि तिचा विषय बहुतांशी त्याचे स्वतःचे मन हाच आहे. हा अपवाद मान्य केलाच पाहिजे. मात्र ती वही आपल्या इतर सर्व लेखनाला गिळून बसली, ही आमिएलचीच तक्रार होती. सवय म्हणून तिची शिफारस करणाऱ्याने एवढे तरी सांगावे.

येथवर परकीय उदाहरणे झाली. मराठीत रोजनिशी ठेवणाऱ्यास भाषा कोणते साहाय्य करते आणि कोणते अडथळे घालते, हा प्रश्न आमच्या विभागाच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. इंग्रजी रोजनिशीत कर्ता गाळला जातो, आणि हे गाळणे बेशिस्त नसून नियमबद्ध असते, असे लिलियान हेगेमान ह्यांनी १९९० साली एका निबंधात दाखविले. मुख्य वाक्याच्या आरंभी ‘मी’ गळतो, गौणवाक्यात गळत नाही. इंग्रजीत क्रियापदावर पुरुषाची खूण फारशी नसते. म्हणून तेथे कर्ता गाळणे हे त्या प्रकाराचे खास लक्षण ठरते. मराठीत ‘मी’ गाळणे हे काहीच विशेष नाही. घरात, पत्रात, सर्वत्र आपण तो गाळतो. मराठीतील खरी गंमत भूतकाळात आहे, आणि रोजनिशी ही तर सगळी भूतकाळातच वावरते.

दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) परिचित असलेला प्रयोगविचार येथे आठवावा. ‘उठलो’, ‘गेलो’, ‘बसलो’ ह्या अकर्मक क्रियापदांत बोलणारा उमटतो. स्त्री लिहीत असेल तर ‘उठले’, ‘गेले’ ह्या रूपांत तिचे लिंगही उमटते. परंतु ‘पत्र लिहिले’, ‘भाकरी केली’, ‘कपडे धुतले’ ह्या सकर्मक क्रियापदांवर खूण असते ती कर्माची. पत्र, भाकरी, कपडे तेवढे दिसतात. करणारा नाहीसा होतो. गुजराती व हिंदी ह्या भाषांतही क्रियापद असेच कर्माच्या मागे जाते. पण तेथे कर्त्याचे निराळे रूप (‘में’, ‘मैंने’) असते. मराठीत दोन्हीकडे एकच ‘मी’, आणि तो गाळला की मागे काहीच उरत नाही. परिणाम असा होतो की, मराठी रोजनिशीत लेखक उठताना, जाताना, निजताना दिसतो, आणि काम करताना दिसेनासा होतो. ह्या नियमाला जे अपवाद आहेत तेही पाहण्यासारखे आहेत. शिकणे, विसरणे, जेवणे, पिणे, बोलणे हे धातू कर्तरी राहतात: ‘नवा धडा शिकलो’, ‘किल्ली विसरलो’. ज्या क्रियेचा परिणाम करणाऱ्यावरच होतो तेथे भाषेने त्यास वाक्यात राहू दिले आहे. (ही व्याख्या सर्व धातूंना तंतोतंत लागू पडत नाही, परंतु रोजनिशीपुरती ती बरीच खरी आहे.)

भावनांची वाक्ये निराळ्याच रस्त्याने जातात. राग ‘येतो’, वाईट ‘वाटते’, आठवण ‘होते’. अनुभवणारा ‘मला’ असा चतुर्थीत, दाराशी उभा. तोही गाळता येतो. ‘संध्याकाळी राग आला’ एवढेच वाक्य पुरते. त्यामुळे मराठी लेखक आपल्या भावना आपण होऊन आलेल्या पाहुण्यांप्रमाणे नोंदवितो, आणि त्यांची जबाबदारी घेण्यास भाषा त्यास भाग पाडीत नाही. ज्यास खरोखर स्वतःची झडती घ्यावयाची आहे त्याला ह्यावर उपाय शोधावा लागतो. एक उपाय जुना आहे: स्वतःस ‘तू’ म्हणणे. ‘पत्र लिहिले’ ह्यात कर्ता नाही, पण ‘पत्र लिहिलेस’ म्हणताच तो परत येतो. द्वितीय पुरुषाचा ‘स’ सकर्मक क्रियापदावरही लागतो. मनाला समोर बसवून ‘मना’ अशी हाक मारण्याची रामदासांची रीत केवळ उपदेशाची रीत आहे असे मला वाटत नाही. स्वतःला वाक्यात पकडण्याची तीच सोपी जागा आहे.

पुण्यात, एकाच वास्तूत, दोन रोजनिशा एकमेकींना जवळजवळ शिवून गेल्या आहेत. महादेव देसाई १९१७ साली गांधीजींकडे आले आणि तेव्हापासून त्यांनी गुजरातीत रोजनिशी ठेवली. १९३२च्या येरवडा कारावासातील तिचा भाग नरहरी परीख ह्यांच्या संपादनाने आधी प्रसिद्ध झाला. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत महादेवभाई वारले. पंचवीस वर्षे चाललेल्या ह्या वहीत लिहिणाऱ्याचा स्वतःचा दिवस अपवादानेच येतो. तीत दुसऱ्याचा दिवस आहे, दुसऱ्याची वाक्ये, दुसऱ्याची पत्रे. आत्माविष्काराची कसोटी लावली तर ती रोजनिशीच ठरणार नाही. तरीही गेल्या शतकातील भारतीय रोजनिशांत सातत्याच्या दृष्टीने तिच्या तोडीची दुसरी दाखविणे कठीण आहे.

त्याच राजवाड्यात १९४३ साली कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी आलेल्या, नात्याने नात लागणाऱ्या मनू गांधी ह्यांनी वही धरली. तेव्हा त्या जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. वही ठेवण्याची शिस्त गांधीजींची. आश्रमातही ती होतीच. प्रार्थना, अभ्यास, सूतकताई, बांची सेवा अशा नित्याच्या कामांवर ती वही उभी आहे, आणि त्याच क्रमाच्या नोंदींतून ती २२ फेब्रुवारी १९४४ला, कस्तुरबांच्या मृत्यूला, येऊन पोहोचते. गांधीजी ती वाचीत, दुरुस्त्या सुचवीत आणि खाली ‘बापू’ अशी सही करीत. त्रिदीप सुहृद ह्यांनी १९४३–४४ ह्या काळातील नोंदींचे इंग्रजी भाषांतर २०१९ साली सिद्ध केले, त्यामुळे गुजराती न जाणणाऱ्या अभ्यासकांचीही आता सोय झाली आहे.

ह्या सहीविषयी दोन मते होऊ शकतात आणि मला ती दोन्ही खरी वाटतात. सहीमुळे वही टिकली. उद्या कोणी पाहणार आहे, ही जाणीव पेशव्यांच्या कारकुनाला होती, पीप्सलाही होती. मनूबेनच्या बाबतीत तो वाचक समोरच बसलेला होता. परंतु ज्या वहीखाली वाचकाची सही पडते तीत काय लिहिले जात नाही, ह्याचा शोध घेणे समीक्षकाचे काम आहे. आणि तेथे केवळ मजकूर वाचून भागत नाही. नोंदीचा क्रम कोठे मोडला, नेहमीचे वाक्य कोणत्या दिवशी आले नाही, हे पाहावे लागते. ठराविक रूपाचा हा दुसरा उपयोग आहे: रूप ठरलेले असल्यावाचून त्यातील विचलन दिसत नाही. रोज ज्या वहीत सूतकताईची नोंद आहे तीत एका दिवशी ती नसेल, तर तो एक पुरावा असतो. रोज नव्या तऱ्हेने मन मोकळे करणाऱ्या वहीत असा पुरावा उरत नाही.

मराठी घरांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत अशा खाजगी वह्या आजही असतील. शिक्षकांच्या, वकिलांच्या, शेतकऱ्यांच्या, आणि जमाखर्चाच्या वहीत कडेला दोन ओळी लिहिणाऱ्या गृहिणींच्या. संशोधनासाठी त्या हाती आल्या तर विद्यार्थी प्रथम भावपूर्ण उतारे शोधू लागतात. माझी सूचना निराळी आहे. आधी तारखा उतरवून घ्याव्यात आणि खाडे मोजावेत. नंतर प्रत्येक खाड्यानंतरचे पहिले वाक्य वेगळे काढावे. कित्येक लेखक तेथे मध्ये लिहिणे झाले नाही म्हणून कारणे देतात, क्वचित क्षमाही मागतात. ती कोणाची मागतात ते क्रियापदाच्या रूपावरून आणि संबोधनावरून पाहावे. त्यानंतर सकर्मक वाक्यांतील गाळलेला ‘मी’ किती वेळा आणि कोणत्या प्रसंगी पुन्हा लिहिला गेला आहे, ह्याची गणती करावी. ‘भाकरी केली’ अशी रोजची नोंद असलेल्या वहीत एके दिवशी ‘भाकरी मी केली’ असे आढळले, तर त्या दिवशी त्या घरात काय घडले होते हे विचारण्यास तेथून आरंभ करता येईल.